पेटीचं पथ्यपाणी

पेटी बेसूर झाली की चुनीलालशेठ तिला उपवास घालायचे. थट्टा करत नाही. खापर गावच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान, दुकानामागे घर आणि घरात गादीवर मांडलेली हार्मोनियम. तिचा एखादा सूर खरखरला, की शेठ झाकण लावून गंभीरपणे सांगत, “आज तिले उपास शे.” दुसऱ्या दिवशी तिला उघडताना चेहरा असा, की आता मुगाचं पाणी पाजतील.

शेठ मूळचे राजस्थानातले जैन; पण आजोबांपासून खापरला असल्यामुळे अहिराणी गावकऱ्यांपेक्षा ठसक्यात बोलत. मी धुळ्याहून बदलून आलेला मास्तर. माझं बिऱ्हाड त्यांच्याच माडीवर, म्हणून ही वैद्यकी मी अगदी जवळून भोगली. कुलूप अडकलं, “वात शे.” कापड मोजायचा गज वाकला, तोही वात. माझ्या सायकलची साखळी कुरकुरायला लागली तेव्हा मी शाळेतून येईपर्यंत त्यांनी तिला साजूक तूप चोळून ठेवलं होतं. साखळी सुधारली. फक्त पुढे महिनाभर खापरमधली यच्चयावत कुत्री मला शाळेपर्यंत पोहोचवायला येत.

त्या श्रावणात पेटीची खर्जाची खुंटी बिघडली. ही खुंटी बाहेर ओढली की खालचा जाड सूर सतत घुमत राहतो, आत ढकलली की बंद होतो. आता ती कितीही ढकला, बंद होईना. भाता हलला की भोंऽऽ. शेठ डोळे मिटून नाजूक आलाप घेत आणि खालून त्यांना एक रेडा साथ करी. मी तबल्यावर असे. दोनदा हसू आवरेना म्हणून मी खोकल्याचं सोंग केलं, तर शेठांनी मलाच ज्येष्ठमध चघळायला दिला.

पण वेळ हसण्याची नव्हती. पर्युषणात महावीरांच्या जन्मवाचनाच्या दिवशी मंदिरात पाळणा म्हणायचा मान अकरा वर्षं शेठांचा होता. वर्षभर हा माणूस त्या एका दिवसासाठी जगे. दिवाळी संपली की पुढच्या पाळण्याची चाल बांधायला घेई. यंदा तळोद्याची मंडळी येणार होती, आपला गवई आणि आपली नवी पेटी घेऊन. पेटी सुधारली नाही तर पाळणा तळोद्याचा गवई म्हणेल, असं पंचांनी ठरवून टाकलं.

मग उपचारांना ऊत आला. दोन दिवस कडकडीत उपवास. खुंटीला हिंगाचा लेप. भात्याला ओव्याच्या पुरचुंडीचा शेक. शेठाणी तवा तापवून देत. घराला असा वास सुटला की मोलगीकडून बाजाराला आलेल्या एका गिऱ्हाईकानं धोतरजोडी सोडून पोटदुखीचं औषध मागितलं. शेठांनी तेही दिलं.

चार दिवस उरले तेव्हा माझा धीर संपला. पेचकस आणून मी पेटी उघडली. पाहतो तर खर्जाच्या झडपेखाली कुंभारीण माशीनं सुपारीएवढं मातीचं घरटं बांधलेलं. झडप मिटणार कशी? मी म्हटलं, चाकूच्या टोकानं दोन मिनिटांत खरवडून काढतो.

शेठांनी माझं मनगट धरलं. वाकून घरट्याला कान लावला आणि म्हणाले, “आतमा जीव शे.”

जैन माणूस माशी मारणार नाही हे मला कळत होतं. म्हटलं, निदान असंच वाजवा, रेड्यासकट. त्यांनी मान हलवली. “पोरेसले वारा लागी, गुरुजी.”

पेटी बंद झाली. तिच्यावर शेठाणींची लोकरीची शाल आली. माशी जिथून आत शिरली त्या मागच्या भोकापाशी ती दुमडलेली, कारण पिल्लांना बाहेर यायला वाट हवी. दुकानात कुणी कापड टर्रकन फाडलं, तर शेठ ओठांवर बोट ठेवीत. मी चिडून जेवायला त्यांच्याकडे जायचं सोडलं. एक दिवस टिकलो, शेठाणींची दालबाटी आठवली आणि गेलो.

जन्मवाचनाचा दिवस आला, घरटं तसंच. तळोद्याच्या गवयानं पाळणा म्हटला आणि दुर्दैवानं फार छान म्हटला. लोकांनी वाहवा केली. शेठ मागच्या रांगेत हात जोडून ऐकत होते. मला मात्र भयंकर राग आला होता, आणि वाईटही वाटत होतं. परतताना वाटेत मी त्यांना नको नको ते बोललो. अकरा वर्षांचा मान, वर्षभराची मेहनत, आणि सोडलं कुणासाठी, तर दोन माश्यांसाठी?

शेठ माझ्याकडे न बघता म्हणाले, “गुरुजी, मन्हा लगीनले बावीस वरीस जयात. आमना घरमा हाई पहिलंच बाळंतपण शे.”

घराशी पोहोचलो तर शेठाणी दारातच उभ्या. त्या मंदिरात आल्या नव्हत्या. घरी कुणीतरी हवं म्हणून मागे राहिल्या होत्या. माझ्या वहाणांचा आवाज ऐकून त्यांनी हातानंच ‘हळू’ म्हणून खुणावलं, आणि आम्ही दोघांनी वहाणा बाहेर काढून हलकेच आत पाऊल टाकलं.