बाकदार, सपाट आणि नऊ दिवस

"दहा मिनिटं. पाच मिनिटं बाकदार मॉनिटरसमोर बसायचं, पाच मिनिटं सपाट मॉनिटरसमोर. अकराव्या मिनिटाला मी पैसे भरून दुकानाबाहेर," असं निलो गुम्बानने आपल्या बहिणीला फोनवर ठणकावून सांगितलं.

मारिलू दुबईहून म्हणाली, "दादा, तुला चप्पल घ्यायला दोन रविवार लागतात."

"चपलेचा मी अभ्यास केला नव्हता," निलो म्हणाला.

अभ्यास मात्र खरा होता. त्याच्या जुन्या मॉनिटरच्या मधोमध जांभळा पट्टा उठल्याला चार महिने झाले होते. निलो मजकूर कधी पट्ट्याच्या डावीकडे सरकवायचा, कधी उजवीकडे, आणि असंच काम रेटायचा. या चार महिन्यांत त्याने बाकदार आणि सपाट मॉनिटरवर जगात जे जे लिहिलं गेलं होतं ते सगळं वाचून काढलं होतं. बाक किती असावा, डोळ्यांपासून किती अंतरावर बसावं, खिडकी कोणत्या बाजूला हवी, सगळं तोंडपाठ. परीक्षा असती तर पहिला आला असता.

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात, हारो भागात तो एकटा राहायचा. वय चौपन्न, लग्न केलेलं नाही, आई जाऊन दीड वर्ष झालेलं. काम असं, की अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याचं सगळं गाऱ्हाणं बोलून ठेवायचे, आणि निलोने ते हेडफोन लावून ऐकायचं आणि टाइप करायचं. पूर्वी यासाठी ऑफिस होतं, चाळीस माणसं होती, आणि दुपारी सगळे मिळून खाली बाचॉय या शेवयांच्या सुपाचे गरम वाडगे ओरपायला जायचे. मग कंपनीने ऑफिस बंद केलं आणि ज्याला त्याला आपापल्या घरी बसवलं. तेव्हापासून निलो दिवसभर माणसांचे आवाज ऐकायचा, पण त्यातला एकही आवाज त्याच्याशी बोलत नसे. एका डॉक्टरला तो नुसत्या खोकल्यावरून ओळखायचा. त्या डॉक्टरचा खोकला एकदाचा थांबला तेव्हा निलोला फार बरं वाटलं. सांगायला कुणी नव्हतं म्हणून त्याने ते भाताच्या कुकरला सांगितलं.

सोमवारी पहाटेपासूनचं काम दोनला आटोपून, शेअरची जीपनी पकडून तो मॉलमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात पोचला. दार उघडून धरणारा पहारेकरी पिदो साठीचा होता आणि जेवलात का असं विचारावं तशा चेहऱ्याने सगळ्यांकडे बघायचा. आत जोव्हेलिन नावाची विक्रेती पुढे आली.

"तुम्ही मॉनिटरवर काम काय करता, सर?"

हा प्रश्न गेल्या तीन वर्षांत निलोला कुणी विचारला नव्हता. त्याची दहा मिनिटं या एका उत्तरातच गेली. आणखी वीस गेली. खोकणाऱ्या डॉक्टरचीही गोष्ट सांगून झाली. जोव्हेलिनने ती पुरी ऐकली आणि "मग, बरा झाला ना तो?" असंही विचारलं.

मग तिने दोन्ही मॉनिटर शेजारी शेजारी लावून दाखवले. "हे बघा, बाकदार घेतलात तर दोन्ही कडा तुमच्याकडे वळलेल्या. मान फिरवायला नको. पण मधोमध बसेल त्यालाच तो नीट दिसतो. सपाट असला, की शेजारी कुणी खुर्ची ओढून बसलं तर त्यालाही सगळं सरळ दिसतं. घरी बघणारे किती जण आहेत?"

"मी."

"एकटेच ना? मग प्रश्नच मिटला सर, बाकदार घ्या. तो एकट्या माणसासाठीच असतो."

तिने हे अगदी आपुलकीने सांगितलं होतं. निलोने बाकदार मॉनिटरकडे पाहिलं. दोन्ही कडा पुढे काढून तो फक्त त्याच्याकडेच बघत होता. चार महिने वाचलेल्या लेखांमध्ये हे कुणी लिहिलं नव्हतं.

"उद्या येऊन सांगतो," तो म्हणाला आणि बाहेर पडला.

मंगळवारी तो आला तो वही घेऊन. बुधवारी टेप आणली. गुरुवारी दुपारी तीनला आणि पुन्हा साडेचारला काचेवर उजेड किती पडतो ते लिहून घेतलं. मनातून त्याला ठाऊक होतं, की यातल्या कशाचीच गरज नाही. पण रोज तीन वाजता दार उघडताना पिदो "या सर" म्हणायचा, जोव्हेलिन हसायची, आणि तो उजेडाबद्दल काहीतरी विचारायचा. पुढचा तास कसा जायचा कळायचं नाही. एक दिवस त्याने मुद्दाम दुसऱ्या विक्रेत्याला तेच प्रश्न विचारले, जोव्हेलिनला फार त्रास नको म्हणून. आणि तिचं आडनाव काय, ती किती वर्षं इथे आहे, हेही त्याने मायेपोटी विचारलं.

इथेच सगळं बिनसलं.

वही, टेप, नावांची चौकशी, तेच प्रश्न दोघांना विचारून उत्तरं ताडून पाहणं, आणि पाच दिवसांत एक वायरसुद्धा विकत न घेणं. दुकानाचा मॅनेजर दिंदो हा मुळात घाबरट माणूस. त्याने जोव्हेलिनला मागच्या खोलीत बोलावलं.

"हा गिऱ्हाईक नाही," तो म्हणाला. "मनिलाच्या हेड ऑफिसने पाठवलेला आहे. गिऱ्हाईक बनून येतात आणि गुपचूप अहवाल पाठवतात. सेबूच्या शाखेत असाच एक आला होता. तिथला मॅनेजर आता कुठे आहे कुणाला माहीत नाही."

"पण ते खोकल्याबद्दल बोलत होते," जोव्हेलिन म्हणाली.

"तीच तर हुशारी."

शनिवारी निलो आला तेव्हा दोन मॉनिटरांपुढे गादीची खुर्ची होती. शेजारी कॉफी आणि साखर भुरभुरलेला एन्सायमादा पाव होता. दिंदो स्वतः हात बांधून उभा. "सर, आमच्यात काही सुधारणा सुचवायची असेल तर मोकळेपणाने सांगा."

निलो खुर्चीत बसला. ऑफिसात बावीस वर्षं काढली, पण त्याला कुणी असं विचारलं नव्हतं. "सगळं छान आहे," तो म्हणाला. "फक्त गिऱ्हाइकाशी थोडं बोलत जा. माणसं बोलायला येतात."

दिंदोने हे लिहून घेतलं. पुढच्या अर्ध्या तासात एक पेन ड्राइव्ह घ्यायला आलेल्या बाईला तीन विक्रेत्यांनी तिच्या मुलांबद्दल, सासूबद्दल आणि गुडघ्याबद्दल विचारलं. ती पेन ड्राइव्ह न घेताच गेली.

एवढं आदरातिथ्य झाल्यावर काहीतरी करून दाखवणं भाग होतं. निलोने पिशवीतून लॅपटॉप काढला. "रोजच्या कामाचीच परीक्षा घेतो. कोणत्यावर टाइप करायला बरं पडतं ते बघू." खऱ्या पेशंटबद्दलचं बोलणं बाहेर न्यायची कंपनीची मनाई होती आणि निलो नियमाचा पक्का, म्हणून त्याने नव्या माणसांना शिकवायची सरावाची जुनी ध्वनिफीत निवडली. त्यातला पेशंट बनवलेला होता. त्याने लॅपटॉपची केबल बाकदार मॉनिटरला जोडली, हेडफोन कानावर चढवले आणि फीत चालू केली.

केबल जोडली की आवाजही मॉनिटरच्या स्पीकरमधून येऊ लागतो, ही एकच गोष्ट त्याच्या अभ्यासातून निसटली होती.

हेडफोनमध्ये काही ऐकू येईना. त्याने आवाज वाढवला. तरी येईना. त्याने तो शेवटपर्यंत नेला आणि वाट बघत बसला. तिकडे दुकानात, आणि काचेचं दार उघडं असल्यामुळे दुसऱ्या मजल्यावर सगळीकडे, एका अमेरिकन डॉक्टरचा भरदार आवाज घुमू लागला.

"रुग्ण पुरुष. वय चौपन्न. एकटा राहतो. बैठं काम. गेले नऊ दिवस शौचाला झालेलं नाही. पोट फुगलेलं. चिडचिड. निर्णय घेता येत नाही, अशी स्वतःच तक्रार करतो."

प्रिंटर बघणारी मंडळी वळली. समोरच्या चपलांच्या दुकानातून दोघी बाहेर आल्या. पिदो दार सोडून आत आला. निलो कानावर हेडफोन घट्ट दाबून, कपाळाला आठ्या घालून, शाईची बाटली बूच न उघडता ओतू पाहणाऱ्या माणसासारखा बसला होता. डॉक्टर पुढे वायूबद्दल बोलू लागला.

शेवटी जोव्हेलिनने हळूच केबल ओढली.

निलोने हेडफोन काढले. सगळं दुकान त्याच्याकडे बघत होतं. ती नजर त्याच्या ओळखीची होती. आई आजारी असताना शेजारी असेच बघायचे.

"सर," दिंदो म्हणाला, "अशा अवस्थेत हेड ऑफिसने तुम्हाला ड्युटीवर पाठवायला नको होतं."

"कोणत्या हेड ऑफिसने?"

"मनिलाच्या."

"मी हारोचा आहे," निलो म्हणाला.

दिंदोने एन्सायमादाच्या रिकाम्या बशीकडे पाहिलं. "म्हणजे तुम्ही तपासायला आलेले नाही?"

"मॉनिटर तपासायला आलोय."

पिदोला मनिलाशी काही घेणंदेणं नव्हतं. तो पुढे येऊन खालच्या आवाजात म्हणाला, "ते राहू दे. नऊ दिवस म्हणजे फार झाले. पपई खाऊन पाहिली का?"

"नऊ दिवस माझे नाहीत," निलो कळवळून म्हणाला. "ती सरावाची फीत आहे. तो माणूसच नाही."

"आणि चौपन्न वय?"

"ते... तेवढं माझं."

"एकटे राहता, ते?" जोव्हेलिनने विचारलं.

निलोने केबल गुंडाळायला घेतली. ती नीट गुंडाळली जाईना. "तेही माझंच," तो म्हणाला.

चपलांच्या दुकानातल्या दोघी परत गेल्या. निलो उभा राहिला, पाकीट काढलं आणि म्हणाला, "सपाट द्या."

एकट्या माणसाला सपाट कशाला, असं जोव्हेलिनने विचारलं नाही. तिने बिल केलं, त्यावर त्याचा पत्ता आणि फोन नंबर लिहून घेतला आणि खोका स्वतः दारापर्यंत आणून दिला. पिदोने तो जीपनीत चढवायला मदत केली. निलोने मागे वळून पाहिलं नाही.

घरी मॉनिटर लागला. चित्र स्वच्छ, अक्षरं ठळक, पट्टा नाही. मारिलूने फोनवर विचारलं, "लागली किती मिनिटं?" तो म्हणाला, "जरा जास्तच लागली." रविवार गेला. सोमवारी दुपारी दोनला काम संपलं आणि तीन वाजता काय करायचं ते त्याला समजेना. त्याने मॉनिटर पुसला. मंगळवारी पुन्हा पुसला. दुकानात परत जाण्यासारखं काहीच राहिलं नव्हतं. मॉनिटरमध्ये शोधूनही खोट सापडत नव्हती.

बुधवारी तीनला फोन वाजला.

"सर, मी जोव्हेलिन. दुकानातून. मॉनिटर व्यवस्थित चालतोय ना?"

"उत्तम चालतोय."

"काही तक्रार?"

"नाही."

"बरं मग," ती म्हणाली. पलीकडे कुणीतरी तिला हाक मारत होतं. आता ती फोन ठेवणार हे निलोच्या लक्षात आलं. तेवढ्यात ती म्हणाली, "आणि ते दुसरं, सर? ते खरंच तुमचं नव्हतं ना?"

निलोने समोर पाहिलं. सपाट मॉनिटर, शेजारी रिकामी भिंत.

"तेव्हा लाज वाटली म्हणून बोललो नाही," तो म्हणाला. "आज तेरावा दिवस."

"अरे देवा. हलू नका तुम्ही. पिदोकाका तुमच्याच हारोचे आहेत. सहाला सुटले की पाठवते."

साडेसहाला पिदो आला. एका हातात बाळाएवढी पपई, दुसऱ्या हातात झाकणाची किटली. किटलीत बायकोने उकळलेला सोनामुखीचा काढा होता. निलो म्हणाला, "नंतर घेतो, दादा." पिदो म्हणाला, "मी बसलोय." आणि तो खरंच खुर्ची ओढून शेजारी बसला. मॉनिटरवर बास्केटबॉलची मॅच लागली. बाजूला बसूनही पिदोला सगळं अगदी सरळ दिसत होतं, हे त्याने स्वतःहून दोनदा सांगितलं. निलोने पहिला पेला प्यायला. पिदोने आपल्या थोरल्या मुलाची, जहाजावरच्या नोकरीची, मोडलेल्या सायकलची हकिगत सांगितली. निलोने दुसरा पेला प्यायला. मॅच लांबली तर बरं असं त्याला वाटत होतं, आणि ती लांबलीही. तिसऱ्या पेल्याला पिदो म्हणाला, "तेरा दिवस म्हणजे पुरी किटली लागेल." निलोने पुरी किटली संपवली. वर अर्धी पपई. ज्याचं पोट घड्याळासारखं चालत होतं त्या माणसाने हे सगळं हसतमुखाने घेतलं, आणि पिदोला कोपऱ्यापर्यंत सोडायलाही गेला.

दुसऱ्या दिवशी नव्या मॉनिटरवर एक अक्षरही टाइप झालं नाही. निलो त्याच्यासमोर बसलाच नाही. त्याने बसण्याचं सगळं काम दुसरीकडे केलं.

दुपारी तीनला बाहेरच्या खोलीत फोन वाजला. जोव्हेलिनच असणार. पुन्हा वाजला. मग तिसऱ्यांदा वाजला, आणि तिसऱ्यांदा बराच वेळ वाजत राहिला. इतक्या वर्षांत त्याच्या घरचा फोन एका दुपारी तीनदा कधी वाजला नव्हता, आणि निलो उठून जाण्याच्या स्थितीत नव्हता.