अप्पा देगलूरला जातात

औशाच्या बाजारपेठेत भांड्यांचं एक दुकान वर्षातून दोन महिने बंद असतं. शटरवर खडूनं लिहिलेलं असतं : ‘मालक पृथ्वीवरच आहेत. गिऱ्हाइकांनी घाबरू नये.’ हे मालक म्हणजे आमचे शेजारी विश्वनाथअप्पा. वय एकाहत्तर, लग्न केलेलं नाही, पासपोर्ट चौथा.

अप्पांचा नियम एकच. कुठल्याही देशात उतरायचं, मिळेल त्या बसमध्ये बसायचं आणि शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं. “गुर्जी, डायवर म्हनतो ना, आता फुडं काय न्हाई, तितून आपलं सुरू!” मी भूगोलाचा मास्तर, आणि सोलापूरच्या पलीकडं क्वचितच गेलेला. त्यामुळं मुकाट्यानं ऐकून घेतो.

इंग्रजीचं आणि त्यांचं वाकडं आहे. मंगोलियात एका तंबूवाल्याशी ते सरळ औशाच्या बोलीत बोलले, तो त्याच्या बोलीत. दोघांनी एकमेकांच्या जनावरांची चौकशी केली म्हणे. त्यानं घोडीचं दूध पुढं केलं, अप्पांनी धपाटं आणि शेंगदाण्याची चटणी काढली. चटणी खाऊन गडी तासभर पाणीच पीत होता. “पर मानूस लई दिलदार. निघताना गळ्यात पडून रडला.” चटणीमुळं असेल, असं मी म्हणालो, तर दोन दिवस माझ्याशी अबोला.

एकदा त्यांनी मला ट्रंकेत डांबरगोळ्या टाकायला बोलावलं. ट्रंक उघडली तर आत कानटोप्या, लोकरी मोजे, कातडी हातमोजे, देशोदेशीचे.

“हे कुणासाठी?”

“नंदासाठी. बहीन माझी. देगलूरला दिलीय.”

“देगलूरच्या उन्हात कानटोपी?”

“ल्हानपनी तिला लई थंडी वाजायची,” अप्पा म्हणाले आणि ट्रंकेकडं बघत बसले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आमच्याकडं नागपंचमीला भाऊ मुराळी होऊन बहिणीला न्यायला जातो. तो आल्याशिवाय ती माहेरी यायची नाही, अशी रीत. बावीस वर्षांपूर्वी पंचमीला अप्पा परदेशात कुठल्याशा डोंगरात होते. “फुडं अजून येक गाव हाय म्हनले, म्हनून गेलो. पंचमी ध्यानातच न्हाई राहिली.” इकडं नंदा पिशवी भरून तीन दिवस ओट्यावर बसली होती. चौथ्या दिवशी तिनं पिशवी रिकामी केली. पुन्हा औशाला आली नाही. अप्पाही शरमेनं गेले नाहीत. त्यांनी जग पालथं घातलं, पण देगलूरची बस धरली नाही.

मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं. या पंचमीला मीच गाडी काढली, ट्रंकेसकट अप्पांना बसवलं. उदगीरपर्यंत ते बडबडत होते, मग नुसते मैलाचे दगड मोजू लागले. नंदाताईंच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवायला लावली.

“गुर्जी, तुमी आदी जाता का?”

“मुराळी तुम्ही आहात का मी?”

ट्रंक गाडीतच राहिली. अप्पा टोपी सारखी करत दाराशी गेले. नंदाताईंनी दार उघडलं, अप्पांना ओळखलं आणि पाण्याचा तांब्या आणून पुढं ठेवला.

“नंदे, पंचमी हाय. न्यायला आलो.”

त्या भिंतीला धरून खाली बसल्या. “गुडघे गेले रे अप्पा. ह्या दोन पायऱ्या उतरवत न्हाईत. औशाला कशी यिऊ?”

अप्पांनी मान खाली घातली. बावीस वर्षांत पाय थकले असतील, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. तांब्या तसाच होता.

नंदाताईंनी पदरानं डोळे पुसले. “माजं येनं काय आता हुनार न्हाई,” त्या म्हणाल्या. “पर तू दरसाल न्यायला येत जा.”