वामनकाका आणि उपाशी आंबा

आमच्या अमडापुरात वामनकाका कुणाच्याही घरी गेले, की आधी दारातल्या झाडाची खुशाली घेतात. नखाने फांदीची साल जराशी खरवडतात, खाली हिरवं दिसलं की मान डोलवतात आणि मग माणसांकडे वळतात. एकदा ते शेजाऱ्यांसोबत मुलगी पाहायला गेले होते. परतल्यावर मुलगी कशी आहे असं विचारलं, तर म्हणाले, "अंगणातली जांभूळ लय झकास हाय."

काका कृषी खात्यात कारकून होते. आता निवृत्त आहेत. काकू गेल्या, मुलगा पुण्यात असतो. "जीव सालीखाली असते," हे त्यांचं वाक्य गावातल्या पोरांनाही पाठ आहे. झाडाला पाटी ठोकणाऱ्याला ते एवढंच विचारतात, "तुह्या पाठीत ठोकू काय बे खिळा?"

मी मलकापूरला बीएस्सी करते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आई दारातल्या आंब्याखाली भाजी विकते. त्या सावलीवरच आमचं घर आणि माझं शिक्षण चालतं.

फाल्गुनात घरी आले, तर आमच्याच शेळीने आंब्याची साल बुंध्याभोवती सगळीकडून खाल्लेली. पानं हिरवीगार, म्हणून आई निर्धास्त होती. काकांनी मात्र बुंध्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही. मग समजावलं, की पाणी लाकडातून वर चढतं म्हणून पानं टवटवीत आहेत. पण पानांनी केलेलं अन्न सालीतून खाली उतरतं, आणि ती वाटच तुटली आहे.

"मुळं उपाशी हायेत, वहिनी. असंच राह्यलं तर झाड जाईन."

आईने उठून शेळी दूर नेऊन बांधली.

यावरचा उपाय काकांनी फक्त ऐकला होता, कधी केला नव्हता. त्याच आंब्याच्या कोवळ्या काड्या घ्यायच्या, टोकं तासायची आणि जखमेच्या वरच्या नि खालच्या सालीत खोचायची. काडी जगली, तर अन्नाला पूल मिळतो. त्यांच्या हातात आता बारीक कामाची पकड राहिली नव्हती, म्हणून मी तासायला बसले. "हळू पोरी, भेंडी नाही कापून राह्यली तू," असं ते सारखं म्हणत होते. वरून मेण लावलं, पट्ट्या बांधल्या. एरवी शेळीला गूळ चारणारे काका त्या दिवसापासून तिच्याशी बोलेनासे झाले.

मी मलकापूरला परतले. काका रोज येऊन आंब्याजवळ बसतात, असं आई फोनवर सांगायची. दिवाळीत आले तेव्हा काही काड्या वाळल्या होत्या, पण बाकीच्या चांगल्या जाड होऊन बुंध्याला धरून होत्या. वर नवी पालवी होती. काकांचे आभार कसे मानायचे ते मला अजून कळत नाही.

त्या दुपारी आईने सहज विचारलं, की मग खोडाच्या अगदी मधलं लाकूड काय करतं?

काका हसले. "ते रिटायर असते, वहिनी, माह्यासारखं. नवं लाकूड दरवर्षी सालीखाली तयार होते. जुन्याले काहीच काम नाही. आपलं मधात पडून राह्यते."

आई मेथीच्या जुड्या बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग एवढा वारा सुटते, तवा झाड कोनाच्या भरवशावर उभं राह्यते, भाऊजी?"

काकांनी एकदा आंब्याच्या बुंध्याकडे पाहिलं. मग त्यांनी मेथीचा ढीग आपल्याकडे ओढला आणि ते जुड्या बांधायला लागले. आईने मला त्यांचंही ताट वाढायला आत पाठवलं.