बाक आणि शेपटीचं चाक

विमान हवेत जाते ही विज्ञानाची किमया होय. ते खाली उतरते ही मात्र सर्वस्वी सामाजिक घटना आहे. खात्री करून घ्यायची असेल, तर श्रॉपशर या इंग्लिश परगण्यातल्या अपर मार्लिच फ्लाइंग क्लबचा बाक पाहावा.

हा बाक गवताच्या धावपट्टीकडे तोंड करून, चहाच्या खिडकीपासून हाताच्या अंतरावर ठेवला आहे. क्लबच्या विमानांना तिसरं चाक नाकाखाली नसून शेपटीखाली आहे. (नाकाखाली चाक असलेल्या विमानाला इथे 'मोटार' म्हणतात.) या विमानांचा स्वभाव असा, की जमिनीला टेकल्यावर शेपूट नाकाच्या पुढे जायला बघते. विमान पार थांबेपर्यंत पायांनी सावरत राहायचं. क्षणभर लक्ष उडालं, की ते गर्रकन गिरकी घेतं. बाकावरच्या निम्म्या मंडळींचे परवाने संपले आहेत, एकाला मोतीबिंदू आहे; मतं मात्र सगळ्यांची ठणठणीत. नीट उतरलेल्या विमानाबद्दल बाक चकार शब्द काढत नाही. शिष्टाचारच तसा आहे.

दंतवैद्य ऑब्री थॉर्नबर, वय पंचावन्न, अख्खा उन्हाळा या शांततेसाठी झुरत होता. त्याचे वडील एडविन, वय शहाऐंशी, याच बाकाच्या मधोमध बसत. म्हाताऱ्याला एकदा तरी आपण चालवलेल्या विमानातून फिरवून आणायचं, एवढीच ऑब्रीची इच्छा. त्यासाठी शिक्षिका हेस्टर क्रॅबट्री यांची मंजुरी लागते, आणि मंजुरीसाठी लागोपाठ तीन निर्दोष उतरणी. ऑब्रीच्या विमानाने आजवर तीन उड्या मारल्या होत्या, त्या एकाच उतरणीत. तेव्हा म्हातारा शेजाऱ्याला एवढंच म्हणाला होता, "पोरगं दात छान काढतं."

शनिवारी वारा धावपट्टीला आडवा होता, उतरणं अवघड होतं, म्हणजे बाक भरलेला होता. (वारा सरळ असला, की निम्मे लोक बायकोबरोबर बाजाराला जातात.) पहिली उतरण निर्दोष. बाक गप्प. दुसरीही निर्दोष. कुणीतरी उसासा सोडला. तिसऱ्या वेळी चाकं गवताला कधी टेकली ते हेस्टरबाईंनासुद्धा कळलं नाही. ऑब्रीला भरून आलं. विमान अजून धावत होतं, आणि त्याने वडिलांचा चेहरा बघायला मान वळवली.

"पाय, ऑब्री, पाय!" मागच्या सीटवरून हेस्टरबाई ओरडल्या.

विमानाने सुबक गिरकी घेतली, एक पंख गवतात खुपसला आणि जिकडून आलं तिकडेच तोंड करून ते थांबलं.

बाकावर चैतन्य पसरलं. मोतीबिंदूवाल्याला सगळ्यांच्या आधी दिसलं. कुणी चहा ओतला, कुणी अक्रोडाच्या केकचा जाडजूड तुकडा कापला. (नीट उतरणाऱ्याला केक विकत घ्यावा लागतो.) ज्यांनी उन्हाळाभर साधं 'कसं काय' विचारलं नव्हतं, ते ऑब्रीला नावाने हाका मारू लागले. हेस्टरबाईंनी मंजुरी पुढच्या वसंतावर ढकलली. शहाऐंशी वर्षांच्या माणसाला पुढचा वसंत म्हणजे काय, हा विषय कुणी काढला नाही.

म्हाताऱ्याने लेकाचा दंड थोपटला. "वाईट वाटून घेऊ नकोस. आम्ही सगळे असेच आलो या बाकावर." मग शेजाऱ्याला कोपराने ढोसत तो म्हणाला, "सरक रे, पोराला जागा कर."

वाचकहो, ऑब्रीबद्दल तुम्हाला हळहळ वाटली असेल. बाकालाही वाटली. पण तिसऱ्या उतरणीपर्यंत तुम्ही वाचत आलात, ते विमान नीट थांबावं म्हणून खचितच नव्हे. या, बसा. थोडं अवघडून बसावं लागेल, पण तुमच्यापुरती जागा आहे.