आषाढातलं बुकिंग

"या वेळी एक जण जरी पेंगला, तर नाव बदलीन!" शरच्चंद्र देवस्थळीने साहेबांना छातीठोकपणे सांगितलं.

साहेबांना त्याच्या नावाशी काही देणंघेणं नव्हतं. ते म्हणाले, "नाव राहू दे. आज मंजुरीची सही आण, नाहीतर सोमवारपासून शहराबाहेर येलहंक्याला प्रिंटर दुरुस्तीला जा."

साल सत्त्याण्णव. शरच्चंद्रची सॉफ्टवेअर कंपनी कोरमंगलातल्या एका बंगल्याच्या माडीवर होती, आणि तिला व्यंकोजीअण्णांच्या कल्याण मंडपातली लग्नांची बुकिंगं कॉम्प्युटरवर आणायची होती. साहेबांची पद्धत नवी होती. जेवढं काम झालं तेवढं दर पंधरा दिवसांनी गिऱ्हाइकाला दाखवायचं आणि त्याचं मत घ्यायचं. पुण्याहून कानडी मुलखात आलेल्या शरच्चंद्रला ही पद्धत फार आवडली. गिऱ्हाइकाला तर त्याहून आवडली, कारण बैठक मंडपाच्या ऑफिसात जेवणानंतर असे आणि खोलीत पंखा होता! मालक व्यंकोजीअण्णा पहिल्याच मिनिटाला डुलायला लागत, मॅनेजर भगवंतराव दुसऱ्या मिनिटाला. मंडपाचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या गोजराबाई तर येतानाच उशी घेऊन येत. चार बैठका झाल्या, आणि मत म्हणून नुसतं घोरणं पदरात पडलं.

शरच्चंद्रने डोकं लढवलं. पडद्यावर 'अबक' आणि 'यरल' यांचं लग्न लागत असेल तर कोण जागं राहील? माणसाला घरातलं नाव दिसलं की झोप उडते! त्याने मंडपाच्या फाटकावरच्या म्हाताऱ्या फत्तेसिंगकडून गुपचूप घरच्यांची नावं काढून घेतली. वधू म्हणून अण्णांची मुलगी भाग्यलक्ष्मी टाकली, वर म्हणून भगवंतरावांचा मुलगा यशोवर्धन. तारीख सुचेल ती, बारा जुलै.

बैठक सुरू झाली. तिघेही शिरस्त्याप्रमाणे डुलायला लागले.

"बघा अण्णा! हे बटण दाबलं की बुकिंग पक्कं!" शरच्चंद्र ओरडला आणि त्याने बटण दाबलं. प्रिंटरने कर्रकर्र करत चिठ्ठी बाहेर टाकली.

आता मंडपाचा तीस वर्षांचा रिवाज असा, की ऑफिसातून चिठ्ठी निघाली की फत्तेसिंगने वधूवरांची नावं फाटकावरच्या फळ्यावर लिहायची. चिठ्ठी कोणाची, का, कशी, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. प्रिंटरचा आवाज ऐकून आत येत त्याने ती उचलली, खडू घेतला आणि तो चालता झाला. कोणाचं लक्षच गेलं नाही, कारण नेमका त्याच वेळी गोजराबाईंनी एक डोळा उघडला होता.

"अय्यो! आषाढात लग्न?"

त्या किंकाळीने बाकीचे दोघे ताडकन उठले. भगवंतरावांनी चष्मा लावून पडदा वाचला आणि ते पांढरेफटक पडले. "अण्णा, देवाशपथ! मला यातलं काही माहीत नाही!"

"माझ्या मुलीचं लग्न, माझ्याच मंडपात," अण्णा गरजले, "आणि मलाच पत्ता नाही?"

"अण्णा, नुसता नमुना आहे हो! खोटं आहे!" शरच्चंद्र काकुळतीला आला.

"खोटं? तारीख आहे, चारशे माणसांचं जेवण आहे, आणि खोटं कसं?"

"मुलगा वाईट नाही हं अण्णा," गोजराबाई मध्येच म्हणाल्या. "स्वल्प बुटका आहे, एवढंच."

"बुटका?" भगवंतरावांची भीती कुठच्या कुठे पळाली. "चांगला पाच फूट सहा इंच आहे!"

तेवढ्यात धाडकन दार उघडलं आणि कॉलेजातून परतलेली भाग्यलक्ष्मी आत आली. फाटकावरचा फळा वाचून ती धावतच आली होती. "अप्पा! यशोने सांगितलं ना तुम्हाला? त्याला म्हटलं होतं मी, परीक्षा होईपर्यंत तोंड उघडू नकोस!"

भाग्यलक्ष्मीने एकेकाचा चेहरा पाहिला आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. "म्हणजे... तुम्हाला माहीत नव्हतं?"

अण्णांनी मुलीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, शेवटी भगवंतरावांकडे पाहिलं. मग ते असे खदखदून हसले की खुर्ची करकरली. "भगवंता, वीस वर्षं मॅनेजर म्हणून राबलास. आता व्याही हो! सरी? ठरलं?"

भगवंतराव रडायला लागले, गोजराबाई साखर आणायला धावल्या. शरच्चंद्रलाही भरून आलं. त्याचा प्रोग्राम पाहून आनंदाने रडलेला हा पहिलाच माणूस! ही संधी साधून त्याने कागद पुढे केला. "अण्णा, तेवढी मंजुरीची सही..."

"सही?" अण्णांनी खुर्ची ओढली आणि ते पडद्याला नाक लावून बसले. "आषाढातली तारीख घेतं आणि गप्प बसतं! आधी पंचांग शिकव याला!"

"आणि मामाचं नाव कुठे लिहायचं?" डोळे पुसत भगवंतराव म्हणाले. "मामा रुसला तर समजूत काय कॉम्प्युटर काढणार?"

"जेवणात वरपक्षाचा रकाना वेगळा हवा!" साखरेची वाटी घेऊन आलेल्या गोजराबाई दारातूनच ओरडल्या.

"आणि चिठ्ठीच्या चारही कोपऱ्यांना हळद-कुंकू," अण्णांनी बजावलं. "आपोआप लागून आलं पाहिजे!"

पाच वाजेपर्यंत सदतीस दुरुस्त्या निघाल्या. शरच्चंद्रने तिथूनच साहेबांना फोन लावला.

"काय रे, जागे राहिले का?"

"टक्क जागे होते, सर! अण्णा म्हणतात, आता दर सोमवारी येऊन दाखव. येलहंक्याला सोडणार नाहीत मला."

"वा! आणि सही?"

शरच्चंद्रने हातातल्या सही नसलेल्या कागदाकडे पाहिलं. "ती मागच्याच बैठकीत घ्यायला हवी होती, सर. तेव्हा ते झोपेत होते."