लोखंडी माणसाचे गुडघे

धनसिंग राठोड यांनी मला फसवलं. उपरण्याखाली हात देऊन ठरलेला सौदा त्यांनी मोडला. जवळा बाजारच्या बैलबाजारात ज्या माणसाचा शब्द स्टँपपेपरपेक्षा पक्का मानतात, त्याच माणसाने मला भर दिवसा टोपी घातली. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे. इथे पुन्हा लिहितो, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की बाबुशेठ पाठीमागे बोलतो.

धनसिंगदादांना ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. राहणार तांड्यावरचे. उंच, वाळलेले, डोक्याला लाल पागोटं. जन्मभर बैलांची दलाली केली. दुसरे दलाल बैलाचे दात बघतात, वशिंड चाचपतात. दादा तसलं काही करत नाहीत. चार पावलं मागे सरकतात, काठी बगलेत धरतात आणि म्हणतात, "चालवून दाखव."

बैल दहा पावलं चालला की यांना त्याची सगळी कुंडली कळते.

हे वाक्य बैलांपुरतं राहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण दादा जगातल्या प्रत्येक वस्तूला तेच म्हणतात. मी थंड पेयं विकायला जुना फ्रिज आणला तेव्हा पहिलं गिऱ्हाईक म्हणून हेच आले. "चालवून दाखव."

"दादा, हे चालत नसतं. एका जागी उभं राहून गार करतं."

त्यांनी फ्रिजला फेरी मारली, वाकून खाली बघितलं. "मंग ह्याला पाय काहून लावले?"

एकदा निवडणुकीत मतं मागायला आलेल्या उमेदवाराला त्यांनी चौकातल्या कडुलिंबापर्यंत चालत जाऊन यायला लावलं. तो बिचारा गेला आणि आला. दादा चार माणसांत म्हणाले, "उजव्या खुरात खोट हाय. लांबच्या पल्ल्याला टिकायचा न्हाई." तो पडला. त्या दिवसापासून दादांचा भाव आणखी चढला.

आता माझं सांगतो. मी याच बाजारात पोती उचलली, मग भजी तळली, मग कॅसेटी भाड्याने दिल्या. बापाने मला काही ठेवलं नव्हतं. जे केलं ते घासाघीस करून केलं. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी नांदेडहून व्हिडिओ गेमचं एक जुनं मशीन आणलं आणि बस थांब्यामागे दुकान थाटलं. बाजाराच्या दिवशी दुकानात उभं राहायला जागा नसे. मला आणखी दोन मशीनं आणायची होती आणि त्यासाठी शेजारची जागा हवी होती. शेजारची जागा म्हणजे दादांचा बैलांचा गोठा. शेवटचा लालकंधारी बैल गेल्यापासून तो रिकामाच होता. मी विचारलं की दादा म्हणत, "बघू." बैलबाजारात 'बघू' म्हणजे नाही.

त्या मशीनवर एक गेम होता. ताडाएवढी दोन लोखंडी माणसं एकमेकांशी लढतात. प्रत्येकाच्या छातीत काचेची खिडकी, आणि खिडकीत एक जिता माणूस बसलेला. तो आतून दांडे ओढतो, बाहेर लोखंडी हात इमारती पाडतो. पोरं वेडी झाली होती.

एका बाजाराच्या दिवशी दादा आत आले, चार पावलं मागे सरकले आणि गर्दीतून पडद्याकडे बघत राहिले. मी मनातल्या मनात म्हटलं, याला तरी 'चालवून दाखव' म्हणता येणार नाही. हे चालूनच राहिलं आहे.

"गुडघे बघा ह्याचे," दादा मोठ्याने म्हणाले. "एवढं धूड, आन् गुडघे शेळीचे. हे उभंच राहू शकत न्हाई."

पोरं थबकली. एकाचा लोखंडी माणूस त्या नादात मेला. माझं डोकं फिरलं.

"दादा, परदेशात असले बनवूनसुद्धा राहिले असतील."

"तू बघितला?"

"न्हाई. पण बनू शकतो."

"न्हाई बनत."

"बनतो!"

असं होता होता सौदा झाला. मी म्हटलं, तुमच्या मनात जेवढे सवाल असतील तेवढे काढा. मी एकेकाचं उत्तर देतो. सगळी पटली तर गोठा मला द्यायचा, वाजवी भावात. नाही पटली तर मी पुन्हा जागेचं नाव काढणार नाही. दादांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, माझा हात त्याखाली घेतला आणि सवाल किती यावर आमची बोटं दाबत घासाघीस सुरू झाली. त्यांनी दोन्ही हातांची बोटं मागितली. मी तीन दिली. शेवटी एका पंजावर तुटलं. पाच सवाल.

पहिला सवाल काळ्या मातीचा होता. "श्रावणात आमच्या रानात बैलगाडी आसापर्यंत रुतती. हे धूड पाऊल टाकल्यावर कुठवर जाईल?"

"रोडने चालेल."

"रोडनंच जायाचं तर चाकं लाव की. पाय कशाला असतेत? रोड न्हाई तिथं जायाला."

"मग पाय खळ्याएवढे रुंद करायचे. रुतणार नाहीत."

"आन् उचलताना? चिखलातून म्हशीचा पाय निघतो तवा कसा आवाज येतो, ऐकला न्हाई का? खळ्याएवढा पाय चिखल सोडंल का त्याला?"

मी तीन आठवडे विचार केला. शेवटी म्हटलं, "लढाया उन्हाळ्यात करायच्या."

दादांनी हे तोलून बघितलं. "उन्हाळ्यात चालंल," म्हणाले, आणि करंगळी मिटली.

दुसरा सवाल पडण्याचा. खाली बसलेला बैल उठवायला सहा माणसं, दोर आणि वासा लागतो. हे पडलं तर कोण उठवणार? मी म्हटलं, दुसरा लोखंडी माणूस. दादा खूश. "म्हंजे जोडीच घ्यावी लागती. बरोबर हाय. एकट्या बैलाला गिऱ्हाईक नसतं." दुसरं बोट मिटलं.

तिसरा सवाल गुडघ्यांचा, आणि तिथे मी फसलो. शाळेतले विज्ञानाचे सर माझ्याकडे चहाला येत. त्यांना मी माझा वकील केला. त्यांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी येऊन समोरच्या पक्षाला मिळाले. म्हणाले, "बैल दुप्पट उंच केला की तो लांबीला दुप्पट, रुंदीलाही दुप्पट. वजन आठ पट होतं. पण पाय आडवा कापून बघितला तर त्या कापाचं क्षेत्रफळ चारच पट. असं वाढवत गेलं की स्वतःच्या वजनानेच पाय मोडतो."

"म्हनून तर हत्तीचे पाय खांबासारखे," दादा म्हणाले, आणि सरांना माझ्या खर्चाने दुसरा चहा सांगितला.

मी सरांशी आठ दिवस बोललो नाही. मग मला सुचलं. "दादा, भरीव करायचाच नाही. पोकळ करायचा. बांबू पोकळ असतो, मोडत नाही."

"वाकतो."

"वाकू द्या. मोडतो का?"

तिसरं बोट मिटलं, पण अर्धंच. मी त्यांच्या हातावर हात ठेवून ते पुरतं मिटवलं.

चौथा सवाल खाण्याचा. डिझेल भरायचं कुठे, छातीत तर गडी बसवला? मी म्हटलं, पाठीवर दोन्हीकडे गोण्या. दादांचे डोळे चमकले. त्यांचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ-धान्याच्या गोण्या लादून मुलूखभर हिंडला होता. चौथं बोट आपोआप मिटलं.

राहिला अंगठा.

पाचवा सवाल ते पहिल्या दिवसापासून मधेमधे विचारत होते आणि मी तो थट्टेवारी नेत होतो. सवाल लोखंडी माणसाबद्दल नव्हताच. आतल्या माणसाबद्दल होता.

"एवढ्या उंचीवर बसलेला गडी. पाऊल पडलं की घरावरून खाली टाकल्यागत आदळत असंल. त्याच्या कंबरड्याचं काय?"

"सीटला स्प्रिंग असते, दादा."

"तू बसला?"

"न्हाई."

"मंग? दिसभर बसल्यावर उतरतो तवा पाय सरळ पडतेत का त्याचे? पानी कोन देतं त्याला वर?"

पोरं हसायची. मीही हसायचो. एवढा मोठा लढाईचा गेम, आणि म्हाताऱ्याला पाण्याची काळजी. पण अंगठा मिटत नव्हता आणि गोठा माझ्या डोळ्यांसमोर रिकामा उभा होता. दोन वर्षं गेली. मला राग आला की मी गप्प बसत नाही. मी साक्षीदारच आणायचं ठरवलं.

सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याच्या एका फाट्यावर तेव्हा खोदकाम चाललं होतं. तिथल्या जेसीबीवर वसमतचा सलीम नावाचा ऑपरेटर होता. त्याला मी पटवलं. बाजाराच्या दिवशी तो ते पिवळं धूड घेऊन माझ्या दुकानासमोर आला.

दादा चार पावलं मागे सरकले. "चालवून दाखव."

सलीमने पुढे-मागे करून दाखवलं. मग मशीन उभं केलं आणि मागचे दोन लोखंडी पाय बाजूला सोडले. पाय जमिनीला टेकले, मागची चाकं अधांतरी झाली, आणि तो लांब हात वर उठला.

दादा जवळ गेले. त्या पायांना हात लावून बघितला. "पाय हायेत की ह्याला!"

"चालायच्या वखताला चाकं, काका," सलीम म्हणाला. "जोर लावायच्या वखताला पाय."

मला कळलं की माझा मुकदमा मी जिंकलो. हाच तो लोखंडी माणूस. हात एक, पाय दुमडलेले, छातीत खिडकी, खिडकीत गडी. आम्ही दोन वर्षं ज्याच्यावर भांडलो तो रोज रस्त्याने जात होता. मी तसं ओरडून सांगितलंसुद्धा. दादांचं लक्ष नव्हतं. ते काचेतून सलीमकडे बघत होते.

"खाली उतर. चालून दाखव."

सलीम हसत उतरला. दांडा धरून जरा थांबला, मग चालला.

"उतरल्यावर थांबला काहून?"

"कंबर धरती, काका. जरा उभं राहिलं की सुटती."

"बुडाखाली काय घेतो?"

"पोतं, घडी करून."

"पानी?"

"कोणी दिलं तर."

"गावाकडं कवा जातो?"

"मशीन जिथं, तिथं आम्ही. गावाकडं न्यायचं तर उभं करायला जागा पायजे. रोडवर लावलं की डिझेल चोरतेत, काचा फोडतेत. जागा नसली तर माणूस मशीनपाशीच झोपतो."

मग दादांनी अगदी हळू आवाजात, जसा बैलाचा खरा भाव विचारतात तसं विचारलं, "परकास राठोड नावाचा कुनी भेटला का कुठं? उंच हाय. डाव्या हातानं जेवतो."

सलीम म्हणाला, "पुण्याकडं मशीनवर राठोड लय हायेत, काका. तुमच्या तांड्यांचीच पोरं."

प्रकाश हा दादांचा एकुलता एक मुलगा. बैल सोडून मशीनवर जातो म्हणाला, तेव्हा दादांनी त्याला सांगितलं होतं की लोखंडावर पोट भरणारा माझा कोणी नाही. तो पिशवी घेऊन निघून गेला. हे सगळ्या बाजाराला माहीत होतं आणि दादांसमोर कोणी काढत नव्हतं. त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदाच ऐकलं.

"पटलं," दादा म्हणाले, आणि अंगठा मिटला.

पुढच्या बाजाराला मी टेप आणि गवंडी घेऊन गोठ्यावर गेलो. बघतो तर गव्हाण फोडून बाजूला टाकलेली. पत्रे उतरवलेले. चार माणसं नवे, उंच खांब उभे करून राहिलेली. दाराची जुनी चौकट काढून तिथे एवढं मोठं भगदाड पाडलेलं की हत्ती अंबारीसकट आत जावा.

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

दादा बाजेवर बसून होते. शांतपणे म्हणाले, "तूच तर पटवलं, बाबुशेठ. मशीनला जागा लागती."

"सौदा झाला होता, दादा! उपरण्याखाली!"

"व्हय. मोडला मी. आजवर एकबी मोडला नव्हता."

"आणि एवढं उंच दार काहून?"

"वर बसलेल्या गड्याचं डोकं आपटू नये."

त्यांच्या मांडीवर काहीतरी होतं. शेवटच्या बैलाची पोळ्याची झूल. आरशांची, त्यांच्या बायकोने भरलेली. ती मधोमध कापून त्यात कापूस भरून त्यांनी चौकोनी गादी शिवली होती. टाके वाकडेतिकडे होते. आरसे सगळे उसवून काढले होते, बसणाऱ्याला टोचू नयेत म्हणून.

"तो गेला तवा मी पाठमोरा बघत हुतो त्याच्याकडं," दादा म्हणाले. "चाल लय चांगली हाय पोराची. सरळ पाय टाकतो. पन अशी बसून बसून किती दिस ऱ्हाईल?"

मी गवंड्याला परत पाठवलं.

दुकान मी पुढे मोठ्या जागेसाठी दुसरीकडे हलवलं, बस थांब्यापासून लांब, आणि धंदा बसला. त्यानंतर तीन पोळे झाले. गोठा तसाच उभा आहे, आत स्वच्छ झाडलेला. गादी आढ्याला टांगलेली आहे, उंदरांपासून दूर. रस्त्याने एखादं मशीन खडखडत गेलं की दादा काठी बगलेत धरून दारात येतात आणि त्याच्या काचेकडे बघतात.

दादांशी माझं भांडण मिटलेलं नाही आणि मिटणारही नाही. पण जबाब मला त्यांच्याकडून नको आहे. जबाब प्रकाश धनसिंग राठोडने द्यावा. सलीमच्या हाती मी दोन वेळा निरोप धाडला, पुण्याच्या बाजूला मशीनवर असलेल्या प्रत्येक राठोडला विचार म्हणून सांगितलं. निरोप एवढाच: प्रकाश, ज्या जागेवर माझी दोन मशीनं उभी राहायची, ती जागा तुझ्या एका मशीनसाठी अडवून ठेवली आहे. तू येणार असशील तर ये, मशीन आत घाल आणि बापासमोर दहा पावलं चालून दाखव. येणार नसशील तर तसं स्वतः येऊन त्यांच्या तोंडावर सांग. एवढं उंच दार कोणासाठी उघडं ठेवायचं, ते मला सांग.