फिल्टर बघण्याचा कार्यक्रम

"इंजिन मला कळतं! बायको अजून कळली नाही, पण इंजिन कळतं!" असं चंद्रप्रकाश सगळ्या घाटकोपरला सांगत फिरायचा. त्याचा ट्रक मात्र इतका म्हातारा, की चढ दिसला की खोकायला लागायचा. शेवटी त्याच्या बायकोने, शेवंतीने, निकालच दिला. "आता एकदा जरी रस्त्यात बंद पडला ना, तर भंगारात! मी स्वतः घालणार!"

चंद्रप्रकाशने तडक गॅरेज गाठलं. वीस वर्षं ज्याच्या जिवावर संसार चालला, तो ट्रक भंगारात?

मेकॅनिक निलेश म्हणाला, "दादा, इंजिन झिजलंय. त्याला आता धूळ सोसायची नाही. हवा गाळून आत सोडणारा नवीन एअर फिल्टर घाला. फॅन्सी नको, साधा कागदी घ्या, पण मापाला घट्ट बसणारा."

झालं! स्वारी दुकानात. मुलीसाठी स्थळ बघावं तसे त्याने फिल्टर बघितले. उजेडाला धरून कागदाच्या घड्या तपासल्या, रबराची कड दाबून पाहिली. "हा जरा उंचीला कमी वाटतो हो!" दुकानदार वैतागला. "काका, फिल्टर घेताय की जावई?" तीन तासांनी निवड झाली, आणि अगदी बरोबर झाली, हे मान्य करायलाच हवं.

पण नवी वस्तू पूजेशिवाय गाडीला लावायची? छे! घरी आल्या आल्या त्याने फिल्टर पाटावर बसवला. हळद, कुंकू, अक्षता! एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण गडी भक्तीने इतका भारावला, की त्याने वरून वाटीभर पंचामृत ओतलं. दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं! मग फडक्याने वरवर पुसलं आणि दिला बसवून.

दुसऱ्या दिवशी बोरीवलीच्या लग्नाला तीनशे खुर्च्या पोचवायच्या होत्या. शेवंती मुद्दाम शेजारी येऊन बसली. पवईच्या चढाला ट्रकला धाप लागली. काळाकुट्ट धूर! दोन आचके, आणि गप्प.

"संपलं! लावते भंगारवाल्याला फोन."

"अगं थांब! निलेशला तरी येऊ दे! पाया पडतो तुझ्या!"

निलेश बाईकवरून आला. झाकण उघडलं, वास घेतला आणि दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. "आत दही कोणी लावलंय?"

चंद्रप्रकाशने चाचरत पूजा सांगितली. शेवंती अशी हसत सुटली की तिला पदराने डोळे पुसावे लागले. निलेशने सोबत आणलेला कोरा फिल्टर बसवला. चावी फिरवताच ट्रक खणखणीत सुरू झाला आणि चढ चढून वरही गेला! चंद्रप्रकाशला आनंदाने रडूच फुटायचं बाकी होतं. "बघ! विकायचा नाही ना आता?"

"ट्रक कशाला विकू? त्याचा काय दोष?" शेवंतीने फोन काढला. "भंगारवाला ड्रायव्हर घेतो का, तेवढं विचारते."